भिंतीला झिरी मारण्याआधी सर्किटं ठरवू या

वायरिंगचं काम निघालं की आम्हा वायरिंगवाल्यांशी पहिलं बोलणं बहुधा स्विचच्या रंगावर आणि पॉइंटच्या दरावर होतं. स्विच काय, पुढेही बदलता येतील. प्लास्टरच्या आत गेलेली वायर बदलायची तर पुन्हा फोडाफोड आली. म्हणून कुठली वायर कुठे जाणार हे आधी कागदावर मांडू.

दिवे-पंख्यांचं सोपं आहे. दीड स्क्वेअर एमएमची वायर, ६ किंवा १० अँपियरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच), एका सर्किटवर, म्हणजे एका एमसीबीवरच्या वायरीवर, फार तर १० पॉइंट किंवा ८०० वॅट. दोन बेडरूमच्या घरात अशी निदान दोन सर्किटं करा. एक बंद पडलं तरी सगळं घर अंधारात जात नाही.

खरा विचार लागतो तो स्वयंपाकघराला. ओट्यावर इंडक्शन २००० वॅटचं, ओव्हन १५००, पाण्याची किटली १५००, मिक्सर ७५०. सकाळच्या घाईत सगळं एकदम चाललं तर ५७५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला २५ अँपियर. अडीच स्क्वेअर एमएमच्या एकाच वायरीवर एवढा भार टाकला की १६ चा एमसीबी तापतो आणि थोड्या वेळाने पडतो. मग "३२ चा बसवून टाका" असा आग्रह होतो. तो आम्ही मानत नाही, राग मानू नका. एमसीबी असतो वायर वाचवायला. ३२ चा बसवला तर तो पडणार नाही, पण भिंतीतली वायर तापत राहील, इन्शुलेशन जळेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. उपाय एकच, ओट्याला दोन सर्किटं. फ्रिजचं तिसरं, स्वतंत्र. गावाला जाताना बाकीचं घर बंद करून फ्रिज तेवढा चालू ठेवता येतो.

गिझरला स्वतंत्र अडीचची वायर आणि १६ चा एमसीबी. दीड टनाच्या एसीला चारची वायर आणि २० चा सी टाइप एमसीबी, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो आणि सी टाइप तेवढ्याने पडत नाही.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लागतो. लहान मुलं असलेल्या घरात यावर काटकसर करू नका. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा, आरसीसीबी पडला पाहिजे. तो बसवला म्हणून अर्थिंग टाळता येत नाही. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी वायर जायलाच हवी.

इन्व्हर्टर आज घ्यायचा नसला तरी त्याच्या पॉइंट्सचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आत्ताच वेगळा ओढून ठेवा. न्यूट्रल एकमेकांत मिसळले की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि दोष शोधताना अख्खे बोर्ड उघडावे लागतात.

पहिल्या भेटीला येऊ तेव्हा घरातली आणि पुढे घ्यायची उपकरणं वॅटसकट लिहून ठेवा. वॅटचा आकडा उपकरणामागच्या पट्टीवर असतो. काम झाल्यावर कुठला एमसीबी कशाचा, याचा मराठीतला तक्ता डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवून देऊ.