हळदीला गाणं वाजतं, पैसा कुणाकडे जातो? रेकॉर्डिंगच्या धंद्याची पार्श्वभूमी

मे महिन्यात ठाणे-नवी मुंबईच्या आमच्या पट्ट्यात दिवा, घणसोली, ऐरोली, कळवा, कुठल्याही गावठाणात हळदीला जा, डीजेवर नाहीतर बेंजोवर रात्रभर आगरी-कोळी गाणी चालू असतात. त्यातल्या कितीतरी गाण्यांचे युट्यूबवर व्ह्यूज लाखांत, काहींचे कोटीत, आणि तरी त्या गायकांना विचारलं की घर कशावर चालतं तर उत्तर येतं सुपारीवर, म्हणजे हळदीचे, पालखीचे, नवरात्राचे जे प्रोग्राम मिळतात त्यावर. रेकॉर्ड केलेल्या गाण्याचे असे काही फार पैसे येत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं एवढे व्ह्यूज म्हणजे हा मालामाल असणार, नाहीतर मग वाटतं की हे सगळं इंटरनेटमुळे बिघडलं. दोन्ही खरं नाही. हा हिशोब शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो कुठून आला हे नीट कळल्याशिवाय आत्ताची परिस्थिती कळत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहर जान या गायिकेचं गाणं रेकॉर्ड केलं. गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसांना लेबलवर नाव काय लावायचं ते कळायला हवं होतं. तबकडी ज्या लाखेपासून बनायची ती लाख इथल्याच जंगलातली, ती बोटीने जायची आणि तबकडी होऊन परत यायची. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना झाला, नंतर दमदमला मोठा. पण कंपनीला इथल्या गाण्यात एवढा रस का होता? कारण तिला मशीन विकायचं होतं. आपल्या भाषेतली, आपल्या नाटकातली पदं ऐकायला मिळणार नसतील तर मराठी घरातला माणूस ग्रामोफोन कशाला घेईल? म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून गाणं हे दुसरं काहीतरी विकायला लावलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो प्रत्येक वेळी येणार आहे.

तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात ख्याल बसवायचा, नाट्यपद बसवायचं. मुंबईत वडाळ्याला यंग इंडिया नावाने तबकड्या काढणारी देशी कंपनीही तीसच्या दशकात उभी राहिली होती, मराठी गायकांना तिने चांगली जागा दिली, पण ती पन्नासच्या दशकात संपली आणि मैदान पुन्हा एचएमव्हीचं, म्हणजे त्याच ग्रामोफोन कंपनीचं. खरेदीदार एकच असला की भाव कोण ठरवणार हे सांगायला नको.

मग सिनेमा. बोलपट १९३१ पासून आले आणि हळूहळू रेकॉर्डचा धंदा म्हणजे सिनेमाच्या गाण्यांचा धंदा झाला. पैशाची वाट अशी, की निर्माता हक्क रेकॉर्ड कंपनीला द्यायचा, कंपनी निर्मात्याला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, द्यायची, आणि गायकाला गाण्यामागे एकदाच ठरलेली रक्कम. साठच्या दशकात लतादीदींनी रॉयल्टीचा मुद्दा लावून धरला, रफीसाहेबांचं म्हणणं होतं की गाण्याचे पैसे घेतले तिथे आपला संबंध संपला, आणि त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. लोक हे किस्सा म्हणून सांगतात. मला तो किस्सा वाटत नाही, या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्या भांडणात होता, गायकाने एकदा आवाज दिला की पुढच्या पन्नास वर्षांच्या कमाईत त्याचा वाटा असतो की नसतो. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस १९६९ मध्ये स्थापन झाली, पण १९७७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सिनेमासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर. म्हणजे पुढची पस्तीस वर्षं दार जवळजवळ बंद.

एचएमव्हीच्या मक्तेदारीला पहिला खरा धक्का पॉलिडॉर या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने दिला, शोलेच्या संवादांची रेकॉर्ड त्यांचीच. पण खरी उलथापालथ केली कॅसेटने. फिलिप्सने कॅसेट काढली १९६३ मध्ये, आपल्याकडे ती घरोघरी यायला सत्तरच्या दशकाचा शेवट उजाडला, गल्फला गेलेल्या माणसांनी येताना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेले, आणले, मग आयातीचे नियम सैल झाले. तबकडी छापायला कारखाना लागतो, कॅसेट भरायला एका खोलीत दोन-चार मशीनं पुरतात. भांडवलाची अट गेली आणि बाजार फुटला. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने १९८३ पासून यात उडी घेतली, किंमत खाली आणली, किराणा दुकानात आणि पानाच्या गादीवर कॅसेट ठेवली, आणि कॉपीराइट कायद्यातल्या ५२(१)(जे) या कलमाचा आधार घेऊन जुन्या गाण्यांच्या व्हर्जन नव्या आवाजात काढल्या. नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची, मूळ कंपनीची मर्जी लागत नाही. यावर टीका खूप झाली, पण नव्या गायकांची एक अख्खी पिढी त्यातून पुढे आली हेही तेवढंच खरं.

आपल्या भागासाठी तर कॅसेट म्हणजे मोठीच गोष्ट होती. एचएमव्हीच्या काळात कोळीगीत रेकॉर्ड व्हायचं ते मुंबईतल्या नावाजलेल्या संगीतकाराने केलं तर, शहरी कानाला रुचेल असं. कॅसेटच्या काळात वेसाव्याचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले गायक स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या चालीत रेकॉर्ड व्हायला लागले, एकविरा आईची गाणी, हळदीची गाणी, धवलगीतं, भीमगीतं, प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, आनंद शिंदे-मिलिंद शिंदेंच्या कॅसेटी. कार्ल्याच्या यात्रेच्या आधी नवीन कॅसेट बाजारात यायलाच हवी असं गणित असायचं. एका छोट्या तालुक्यापुरतं गिऱ्हाईक असलं तरी कॅसेट परवडायची, कारण काही हजार विकल्या तरी खर्च निघायचा. पण करार? बहुतेक वेळा स्टुडिओत एक कागद, एक सही, हातात रोख, आणि मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग आणि त्यावरचा हक्क, कंपनीचा. हीच सही पुढे किती महाग पडणार आहे हे तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं, दिसणं शक्यच नव्हतं.

दुसरीकडे दुकानदार कॅसेट 'भरून' द्यायचे. ठाणे स्टेशनजवळच्या गल्ल्यांत कोरी साठ नाहीतर नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. माझ्या वयाच्या ठाणेकरांच्या घरात अशी एखादी तरी कॅसेट सापडेलच. बेकायदेशीर होतंच ते, पण यातून एक गोष्ट दिसत होती, की ऐकणाऱ्याला अल्बम नको होता, त्याला त्याची गाणी हवी होती. पुढचा सगळा डिजिटल धंदा याच इच्छेवर उभा राहिला.

सीडीवर फार वेळ घालवत नाही. जगात तिने कंपन्यांना श्रीमंत केलं, १९९९ हे त्या श्रीमंतीचं टोक, आणि त्याच वर्षी इंटरनेटवरून एकमेकांना फुकट गाणी देण्याघेण्याचं नॅपस्टर आलं. आपल्याकडे मूळ सीडी महाग होती म्हणून एमपीथ्री सीडी चालली, स्टेशनच्या पुलावर एका सीडीत दीडशे गाणी. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. धंदा बसला. अपवाद एकच, कॉलर ट्यून. २००५ नंतरची काही वर्षं भारतात डिजिटल संगीताची मोठी कमाई होती ती फोन लागेपर्यंत ऐकू येणाऱ्या तीस सेकंदांची, महिन्याला साधारण ३० रुपये भाडं आणि गाण्याचे वेगळे. त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनी ठेवायची. मग ट्राय या टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने ग्राहकाची दोनदा खात्री केल्याशिवाय अशी सेवा चालू करायची नाही असा नियम केला, आणि ती कमाई भराभर आटली, किती लोकांनी ट्यून आपणहून लावली होती हे त्यातून दिसलंच.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तरांनी राज्यसभेत हा विषय तळमळीने मांडला होता. सिनेमाच्या थिएटरमधलं प्रदर्शन सोडून बाकी सगळीकडे गाणं वापरलं गेलं तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा, आणि तो हक्क त्याने कागदावर सोडून दिला तरी सुटत नाही. गायकालाही कलाकार म्हणून रॉयल्टीचा हक्क मिळाला. माझ्या मते आपल्याकडच्या संगीतासाठी गेल्या पन्नास वर्षांतली ही सगळ्यात चांगली गोष्ट, कारण हे ज्यांच्यासाठी आहे त्यांना घासाघीस करण्याची ताकद नसते.

आता नवी मुंबईचा थेट संबंध. २७ डिसेंबर २०१५ ला घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये जिओ आधी स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झालं, सप्टेंबर २०१६ ला सगळ्यांसाठी, आणि मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट. त्याआधी एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायचो, गाणं ऑनलाइन ऐकणं ही चैन होती. डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्ड भरायची गरज एका वर्षात संपली. जिओ म्युझिक आणि सावन ही गाण्यांची ॲप एकत्र आली २०१८ मध्ये, स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत आलं, तेव्हा महिना ११९ रुपये. पण इथे बहुतेक लोक पैसे भरतच नाहीत, जाहिराती सोसतात नाहीतर रिचार्जसोबत मिळालेलं ॲप वापरतात. म्हणजे पुन्हा तेच, १९०२ ला गाण्याने मशीन विकलं, २०१६ ला गाण्याने डेटा विकला.

स्ट्रीमिंगचा, म्हणजे अशा ॲपवर ऑनलाइन गाणं ऐकण्याचा, हिशोब बऱ्याच जणांना माहीत नसतो. तुम्ही महिनाभर एकाच कोळी गायकाची गाणी ऐकलीत तरी तुमचे पैसे सरळ त्याच्याकडे जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कंपनी आपला हिस्सा काढते, साधारण दोन तृतीयांश हक्कदारांसाठी उरतात, आणि ते देशातल्या एकूण स्ट्रीम्सपैकी ज्याचे जेवढे त्या प्रमाणात वाटले जातात. साहजिकच हिंदीचा समुद्र सगळं ओढून घेतो. शिवाय स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १,००० स्ट्रीम्स न झालेल्या गाण्याला त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. आणि 'हक्कदार' कोण? ज्याच्याकडे मास्टर आहे तो. नव्वदच्या दशकातली ती स्टुडिओतली सही आठवा. ज्या कॅसेट कंपन्यांनी तेव्हा मास्टर जपून ठेवले त्यांच्या युट्यूब चॅनलवर आज त्याच गाण्यांवर जाहिराती लागतात, आणि ज्याने गायलं तो किंवा त्याची मुलं ते गाणं मोबाइलवर बाकीच्यांसारखीच ऐकतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यात कुणी कायदा मोडलेला नाही.

जगाच्या पातळीवर धंदा आता तब्येतीत आहे. २०१४ च्या आसपास तळ गाठलेली रेकॉर्डेड संगीताची कमाई २०२३ मध्ये २८.६ अब्ज डॉलरवर गेली, त्यातली दोन तृतीयांश स्ट्रीमिंगची, आणि जुन्या गाण्यांना तर नव्याने भाव आला. एचएमव्हीची वारसदार सारेगामा हिने २०१७ मध्ये ५,००० जुनी गाणी भरलेला कारवां रेडिओ काढला आणि लोकांनी तो आईवडिलांना भेट द्यायला घेतला, तेही स्ट्रीमिंगच्या ऐन भरात.

रेकॉर्डिंगने प्रत्यक्ष कार्यक्रमाची जाहिरात करायची, हे उलटं झालेलं गणित तर नेरुळमध्ये डोळ्यांसमोर आहे. पूर्वी बँड दौरा करायचे ते रेकॉर्ड खपावी म्हणून. आता डी. वाय. पाटील स्टेडियमवर जस्टिन बीबर २०१७ ला, यू टू २०१९ ला, कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये तीन दिवस, आणि त्यांची तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत. स्पॉटिफायच्या तेव्हाच्या वर्षभराच्या सबस्क्रिप्शनपेक्षा सगळ्यात स्वस्त तिकीट महाग. तिथून काही किलोमीटरवर घणसोलीचा गायक हळदीची सुपारी घेतो तेही त्याच हिशोबाने, फक्त त्याच्यामागे मोठी कंपनी नसते.

आणि हळदीत त्याचं गाणं डीजेने वाजवलं तर? त्याचे पैसे कायद्यानेच मिळत नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या ५२(१)(झेडए) कलमात लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ रॉयल्टीतून वगळलेले आहेत, २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने तशी जाहीर सूचनाही काढली. लग्नघराच्या बाजूने बघितलं तर हे योग्यच आहे, आनंदाच्या घरी कुणी पावतीपुस्तक घेऊन येऊ नये. पण आगरी-कोळी गाण्यांचं मुख्य व्यासपीठच हळद आहे, त्यामुळे हिंदी गाण्याला हॉटेलातून, जाहिरातीतून, रेडिओवरून जी किरकोळ का होईना कमाई होते ती या गाण्यांच्या वाट्याला फारशी येतच नाही.

त्यामुळे आत्ताची पोरं स्वतःच्या चॅनलवर गाणी टाकतात, व्हिडिओचा खर्च मित्र मिळून काढतात, युट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लागतात ते १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं पूर्ण व्हायची वाट बघतात. कमाई कमी, पण मास्टर त्यांचा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०२५ ला आलेलं गाणं २०८५ संपेपर्यंत ज्याच्या नावावर आहे त्याला कमावून देणार. म्हणूनच एखादा लेबलवाला, म्हणजे म्युझिक कंपनीचा माणूस, रोख रक्कम पुढे करून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असा कागद समोर ठेवतो तेव्हा त्या शब्दांपाशी थांबायला हवं. ठरावीक वर्षांसाठी लायसन्स द्यायचं की मास्टर विकायचा, गीतकार-संगीतकाराने आयपीआरएसचं सभासदत्व घेतलं आहे का, एवढं तरी सही करायच्या आधी बघून घ्या.