'फक्त अ‍ॅडमिन'ची सेटिंग आली कुठून

मराठवाड्यातल्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला की मागणी येते, "ग्रुप बंद करा." म्हणजे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करा. या सवयीचं मूळ 2016 ते 2022 या काळात आहे.

2016 मध्ये ग्रुपची सदस्यमर्यादा 100 वरून 256 झाली आणि सप्टेंबरपासून डेटा स्वस्त झाला. पारावरच्या गप्पा आणि भावकीतली धुसफूस एकाच ग्रुपात आली. अ‍ॅडमिनच्या हातात मात्र माणूस घेणं किंवा काढणं एवढंच होतं, आणि गावात ग्रुपमधून काढणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठवणं. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात मुलं पळवण्याच्या अफवेतून पाच जणांचा जीव गेला. त्याच सुमारास 'फक्त अ‍ॅडमिन' ही सेटिंग मिळाली. दुसरं हत्यारच नव्हतं, म्हणून ती रुजली.

खरा घोळ 'अ‍ॅडमिन जबाबदार राहील' या वाक्याचा. सण-निवडणुकीआधी पोलीस अ‍ॅडमिनना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची नोटीस देत (1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 168 आहे). नोटीस ही ताकीद असते, पण गावात ती शिक्षेसारखी वाचली गेली. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की समान हेतू किंवा आधीचा कट नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन दोषी ठरत नाही. मजकूर आधी तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही, हाही त्यामागचा एक आधार होता. दीड वर्षाने, 2022 मध्ये, कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय अ‍ॅडमिनला मिळाली. आता "माझ्या हातात काय होतं?" असं म्हणणं अवघड आहे.

तरीही कुलूप लावण्याची सवय गेली नाही. कुलूप लावलं की अफवा तशीच वर दिसत राहते आणि खोडणाऱ्याला लिहिता येत नाही. त्यापेक्षा आधी तो मेसेज डिलीट करावा, का केला ते एका ओळीत लिहावं आणि ज्याचा होता त्याला फोन करावा. डाऊनलोड झालेला फोटो मात्र लोकांच्या फोनमध्ये राहू शकतो, म्हणून खुलासा हवाच. कुलूप लावायचंच तर रात्रीपुरतं, आणि सकाळी किती वाजता उघडणार ते सांगून. अ‍ॅडमिन वेगवेगळ्या गल्ल्यांतले दोघे-तिघे असावेत.

"सरपंचांनी टँकर आपल्याच गल्लीत नेला" असा तक्रारीचा मेसेज मात्र डिलीट करू नये. त्याच मेसेजला रिप्लाय देऊन विचारावं: "कोणत्या दिवशी? किती खेपा झाल्या? लॉगबुकाचा फोटो टाका."