डबे वेगळे केले कोणी?

अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेडबे खासगी कंपन्यांच्या मर्जीने वेगळे झाले, सरकारने तो भेद फक्त मोडला, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. लुइझियाना राज्यात १८९० साली डबे वेगळे ठेवायला लावणारा कायदाच झाला. चुकीच्या डब्यात बसणाऱ्याला २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांपर्यंत कैद. जादा डब्यांचा खर्च कंपन्यांनाही नको होता. १८९२ मध्ये कायद्याने काळे ठरणारे होमर प्लेसी या कायद्याला आव्हान द्यायला मुद्दाम पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसले, तेव्हा ते येणार हे रेल्वे कंपनीला आधीच ठाऊक होतं. १८९६ मध्ये त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदाच उचलून धरला.

सरकारी सत्तेवर लगाम हवा म्हणणारे स्वातंत्र्यवादी इथे बोट ठेवतात, आणि ते रास्तच आहे. पण कायद्याची सक्ती नसतानाही कित्येक हॉटेलवाले काळ्या गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवत. तिथे असा भेद करायला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदाच कामी आला.