फुप्फुसाची तीव्र इजा : पेशींच्या निरोपांचा इतिहास

2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली. हा जिवाणूंमुळे होणारा ताप. गवतातला बारीक माइट चावतो, जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतात, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना मात्र धाप लागते, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसतात. जंतू मरत असतानाही फुप्फुस का बिघडते, हा प्रश्न पन्नास वर्षांहून जुना आहे.

1967मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ आणि सहकाऱ्यांनी 12 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कुणाला अपघात, कुणाला न्यूमोनिया, कुणाला स्वादुपिंडाचा दाह. फुप्फुसे मात्र सगळ्यांची एकसारखी. आजच्या ‘एआरडीएस’ची (तीव्र श्वसनबिघाडाच्या लक्षणसमूहाची) ओळख इथून झाली. कारणे वेगळी असून परिणाम एकच, तेव्हा संशय शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादावर जाणे साहजिक होते. फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी खच्चून भरलेल्या सापडल्या आणि बरीच वर्षे त्याच आरोपी ठरल्या. पण न्यूट्रोफिल जवळजवळ नसलेल्या रुग्णांनाही हा विकार होतो, हे पुढे दिसले. मग प्रश्न बदलला: त्यांना बोलावते कोण?

1987मध्ये न्यूट्रोफिलांना बोलावणारे प्रथिन इंटरल्युकिन-8 सापडले, 1998मध्ये जिवाणूंचे विष ओळखणारा पेशीवरचा ग्राहक रेणू टीएलआर-4. त्यातून क्रम उलगडला. वायुकोशातला (फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीतला) मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पहारेकरी पेशी, धोका ओळखून टीएनएफ आणि इंटरल्युकिन-1 हे निरोप देणारे रेणू (सायटोकाइन) सोडतो. त्यांच्या इशाऱ्यावर अस्तरपेशी इंटरल्युकिन-8 सोडतात. केशवाहिनीतला न्यूट्रोफिल भिंतीला चिकटून आत सरकतो. तिथे तो इलास्टेज हे ऊती कुरतडणारे विकर सोडतो, डीएनएची जाळी फेकतो (ही जाळी 2004मध्ये वर्णिली गेली). वायुकोश आणि रक्त यांच्यातला पडदा अनेक ठिकाणी अर्धा मायक्रोमीटरसुद्धा जाड नसतो. तो गळू लागला की प्रथिनयुक्त पाणी आत येते, वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट निकामी होते, वायुकोश मिटतात आणि ऑक्सिजन कितीही वाढवला तरी रक्तात पुरेसा पोचत नाही.

मग एकेक निरोप अडवायचे प्रयत्न झाले. सेप्सिसमध्ये (संसर्गाला शरीराच्या बेफाम प्रतिसादात) टीएनएफविरोधी प्रतिपिंडांनी 1990च्या दशकात मोठी निराशा केली. उंदरांवर चाललेले माणसांवर चालत नाही, याचे एक साधे कारण: उंदरांत इंटरल्युकिन-8चे जनुकच नाही, त्याचे काम तिथे दुसरी रेणूमंडळी करतात. शिवाय रुग्ण अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत पहिला निरोप केव्हाच पुढे गेलेला असतो.

खरा फायदा अनपेक्षित ठिकाणाहून झाला. फाजील ताणलेले फुप्फुस स्वतःच सायटोकाइन सोडते, हे 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसले. म्हणजे व्हेंटिलेटरही या संभाषणात सामील होता. 2000च्या अमेरिकी चाचणीत 861 रुग्णांचे दोन गट केले; एकाला किलोमागे 12 मिलीलिटरचा श्वास दिला, दुसऱ्याला 6चा. मृत्यूदर पहिल्या गटात 39.8 टक्के होता, दुसऱ्यात 31. हे किलो प्रत्यक्ष वजनाचे नव्हे, उंचीवरून काढलेले. 165 सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाला सुमारे 61.5 किलो, म्हणजे साधारण 370 मिलीलिटर. वजनकाट्यावरचा आकडा घेतला तर स्थूल रुग्णाला नकळत दीडपट श्वास जातो; चूक नेहमीची आणि महागाची. पठारदाब (श्वास आत थांबवल्यावर फुप्फुसात राहणारा दाब) 30 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबापेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही, तोही याचसाठी.

2012च्या बर्लिन व्याख्येने ‘फुप्फुसाची तीव्र इजा’ हा एआरडीएसपेक्षा सौम्य रुग्णांनाही सामावणारा वेगळा गट काढून टाकला; धमनीतला ऑक्सिजनदाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण 300 किंवा कमी असेल तर एआरडीएस, 100 किंवा कमी म्हणजे गंभीर. समुद्रसपाटीपासून 1000 मीटरच्या वर असल्यास हा आकडा दुरुस्त करावा लागतो. डेन्व्हर 1600 मीटरवर आहे, नागपूर सुमारे 310वर, त्यामुळे इथे दुरुस्ती लागत नाही.

2014मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. उंदरांत काही मॅक्रोफेज अस्तरपेशींना कॉनेक्सिन-43 या प्रथिनाच्या, दोन पेशींना जोडणाऱ्या छिद्रांतून कॅल्शियमच्या लहरींनी शांत राहण्याचे निरोप देतात. आणि रुग्णांत अतिदाहक व कमी दाहक असे दोन प्रकार असतात, ज्यांचा उपचारांना प्रतिसादही वेगळा असू शकतो. 2020मध्ये कोविडच्या रिकव्हरी चाचणीत रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरचे मृत्यू 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर आले. ऑक्सिजन लागत नसलेल्यांना मात्र त्याचा काहीच फायदा दिसला नाही.