पाच वॅट पुरतात

रेडिओवर कोणाचा तरी आवाज ठणठणीत ऐकू येतो, तेव्हा रिसीव्हरच्या अँटेनापाशी प्रत्यक्षात किती शक्ती पोचलेली असते? जराही कान न ताणता ऐकू येणाऱ्या सिग्नलला हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे लोक, ‘एस-नऊ’ म्हणतात. शॉर्टवेव्हवर या एस-नऊची शक्ती ५० पिकोवॅट धरलेली आहे. एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोवॅट. तसे पन्नास भाग पुरे होतात. आपण ५ वॅट सोडले आणि त्यातला दहा हजार कोटींतला एकच वाटा समोरच्या तारेवर पोचला, तरी त्याला आपण स्वच्छ ऐकू येतो.

कमी शक्तीच्या हॅम रेडिओचा, म्हणजे ‘क्यूआरपी’चा, सगळा पाया या आकड्यात आहे. क्यूआरपी हा जुन्या तारायंत्री संकेतांपैकी एक, ‘शक्ती कमी करा’ असं सांगणारा. आज मोर्ससाठी (टिंब-रेघांच्या संकेतलिपीसाठी) ५ वॅट आणि बोलण्यासाठी शिखराला १० वॅट एवढी मर्यादा पाळणाऱ्यांना क्यूआरपीवाले म्हणतात. इंग्लंडमध्ये १९७४ साली रेव्हरंड जॉर्ज डॉब्ज यांनी अशा लोकांचा जी-क्यूआरपी क्लब काढला. स्वतः जोडलेल्या छोट्या संचावरून बोलण्याची चळवळ वाढवण्यात त्या क्लबचा वाटा मोठा आहे.

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बाजारात १०० वॅटचा तयार सेट मिळत असताना ५ वॅटने काय होणार? शक्ती वीसपट कमी, हे खरंच आहे. पण कान आणि रेडिओ दोन्ही शक्ती डेसिबलच्या, म्हणजे दर दहापटीला १० मोजणाऱ्या, पट्टीने मोजतात, आणि वीसपट म्हणजे १३ डेसिबल. सिग्नल-मीटरवरची एक पायरी ६ डेसिबलची असते. म्हणजे १०० वॅटने जो एस-नऊ दिसत होता, तो ५ वॅटने एस-सातच्या किंचित खाली दिसेल. दोन पायऱ्यांचा फरक. बोलणं बंद पडावं इतका तो नाही.

हे १३ डेसिबल बऱ्यापैकी भरूनही काढता येतात. आपल्याला सिग्नल ऐकायचा असतो तो गोंगाटातून, आणि गोंगाट वारंवारितेच्या पट्ट्यावर पसरलेला असतो. माणसाचा आवाज पाठवायला सुमारे २४०० हर्ट्झचा पट्टा लागतो. मोर्सला २४० हर्ट्झचा फिल्टर सहज चालतो. पट्टा दहापट अरुंद झाला की रिसीव्हरमध्ये शिरणारा गोंगाटही दहापट कमी, म्हणजे १० डेसिबलचा फायदा. हिशेब केला तर मोर्समधले ५ वॅट बोलण्यातल्या ५० वॅटच्या तोडीचे ठरतात. क्यूआरपीवाल्यांना मोर्स प्रिय असण्यामागे जुन्याची हौस आहेच, पण त्याआधी हे गणित आहे.

याच वाटेने आणखी पुढे गेलेला माणूस म्हणजे जो टेलर. जोडपल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्स यांच्यासोबत मिळालेले हे खगोलशास्त्रज्ञ स्वतः हॅम आहेत. २००८ मध्ये त्यांनी ‘व्हिस्पर’ नावाची संदेशपद्धत आणली. स्टेशनचं नाव, ठिकाण आणि शक्ती एवढाच मजकूर, तो जवळजवळ दोन मिनिटं घेत, फक्त ६ हर्ट्झच्या पट्टीत पाठवायचा. कानाला काहीही ऐकू येत नसताना संगणक तो उलगडतो, आणि २०० मिलिवॅटचे सिग्नल समुद्र ओलांडून गेलेले दिसतात. शक्ती नसेल तर वेळ खर्च करा, असा हा सौदा. मला मात्र समोर बोटाने टकटक करणारं माणूस असलेलं अधिक आवडतं.

आता आपल्याकडची गोष्ट. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी (त्यांची हॅम-खूण व्हीयू२ईएसई) २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘बिटएक्स’ नावाचा, १४ मेगाहर्ट्झवर बोलता येईल असा ६ वॅटचा संच रचला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. परदेशी किट पाहून हळहळणाऱ्या आपल्याकडच्या हौशी लोकांची खरी अडचण ओळखून केलेलं ते काम होतं. इथे ट्रान्झिस्टर मिळत, रेझिस्टर मिळत, पण तारेचे वेढे घ्यायला लागणारी टोरॉइडची कडी मिळत नसत. फरहान यांनी तिथे नळाचा वॉशर वापरला. प्लंबिंगच्या दुकानातला साधा वॉशर, त्यावर तार गुंडाळायची की झाली कॉइल. टीव्हीच्या अँटेनात वापरायचे बॅलन-कोअर, म्हणजे तार गुंडाळायचे फेराइटचे तुकडेही, त्यांनी कामाला लावले. हाताशी आहे त्यातून काम भागवणं आणि तरीही सिग्नल स्वच्छ ठेवणं, यात कसब आहे. त्यामुळेच हा आराखडा जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या टेबलावर जोडून पाहिला.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. माइकचा आवाज आधी १० मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवतात. डायोडांचा एक मॉड्युलेटर मधली कोरी लहर दाबून टाकतो. उरतात दोन बाजूपट्ट्या, दोन्हींत तोच मजकूर. मग १० मेगाहर्ट्झच्या चार क्रिस्टलचा फिल्टर त्यातली एक पट्टी ठेवतो आणि दुसरी अडवतो. हे क्रिस्टल संगणकाच्या बोर्डांसाठी लाखोंनी बनतात, म्हणून स्वस्त. तीच एक पट्टी ४ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरशी, म्हणजे लहर निर्माण करणाऱ्या सर्किटशी, मिसळली की दहा अधिक चार, चौदा. ऐकताना नेमका उलटा प्रवास होतो. अँटेनावरून आलेल्या १४ मधून ४ वजा, पुन्हा १०, पुन्हा तोच फिल्टर, आणि शेवटी स्पीकर. वाट एकच, जाता-येता वापरायची. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर पाठीला पाठ लावून दोन अँप्लिफायर ठेवले आहेत. बोलताना एकाला वीज मिळते, ऐकताना दुसऱ्याला. महागडा भाग एकदाच लागतो.

२०१६ च्या अखेरीस याच घराण्यातला, ७ मेगाहर्ट्झवर चालणारा ‘बिटएक्स-४०’ जोडलेल्या बोर्डाच्या रूपात मिळू लागला. त्यामागच्या कामात हैदराबादच्या महिलांच्या एका गटाचा हात होता. पुढे अनेक बँडवर चालणारा ‘मायक्रोबिटएक्स’ आला. जुन्या ऑसिलेटरची वारंवारिता तापमानाबरोबर सरकायची. नव्या संचांत ते काम आर्दुइनो नावाचा छोटा संगणक-बोर्ड आणि एक घड्याळ-चिप करते, त्यामुळे आकडा जागचा हलत नाही.

कुठलंही किट घ्या, हात थबकतो तो टोरॉइडपाशी. मोर्सच्या छोट्या किटांमध्ये नेहमी दिसणारं टी-३७-२ हे कडं सुमारे साडेनऊ मिलिमीटर व्यासाचं, लाल रंगाचं. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून किती दिसतात ते मोजायचं नाही, आतून किती गेल्या ते मोजायचं. या कड्यावर इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या चार नॅनोहेन्री पट असतो. १६ वेढ्यांना १.०२ मायक्रोहेन्री, १५ वेढ्यांना ०.९०. एक वेढा चुकला तर बारा टक्के गेले, आणि फिल्टर नको तिथे कापायला लागतो. वेढे कड्याभर सारखे पसरायचे, शेवटी थोडी जागा मोकळी ठेवायची.

दुसरी मेख तारेच्या मुलाम्यात आहे. वाइंडिंग वायरवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो नीट निघाला नाही तर सोल्डर वरून चमकतं आणि आत संपर्कच नसतो. ब्लेडने खरवडा, किंवा तापलेल्या आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक बुडवून ठेवा. थर जळून धूर निघतो आणि तांबं रुपेरी होतं. मग मल्टिमीटरने कॉइलच्या दोन टोकांत सलगता बघा. न चालणाऱ्या किटमध्ये सगळ्यात आधी हेच तपासावं, मग ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा), मग उलटा बसवलेला डायोड.

ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात पुष्कळदा आयआरएफ-५१० हा मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर असतो. तो बनवला गेला पॉवर सप्लायसाठी, पण स्वस्त आणि दणकट म्हणून हॅम लोकांनी आपलासा केला. त्याचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला, म्हणजे त्याच्या एका पायाला, जोडलेला असतो, म्हणून हीटसिंक आणि त्याच्यामध्ये अभ्रकाचा वॉशर हवाच. त्याचा स्थिर प्रवाह ठरवणारा बायसचा प्रीसेट फिरवताना नजर अँपिअरच्या आकड्यावर ठेवून अगदी सावकाश जायचं.

अँटेना जोडायच्या आधी डमी लोड, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचा भार. तो घरीच होतो. १ किलोओहमचे, पाव वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडा. तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे रेझिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. १००० भागिले २० म्हणजे ५० ओहम, आणि वीस गुणिले पाव म्हणजे ५ वॅट. ट्रान्समीटरला हवा तेवढाच भार आणि तेवढीच ताकद. त्यावर एक डायोड आणि कपॅसिटर लावून शिखर-व्होल्टेज मोजलं की शक्तीही कळते. ५० ओहमवर ५ वॅटला ते २२ व्होल्टच्या आसपास असतं. डायोडमध्ये थोडं कमी होतं, ते धरून चालायचं.

किटमधला लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या वारंवारिता अडवणारा, ‘नंतर बघू’ म्हणून सोडणारे लोक असतात. तसं करू नये. शेवटचा ट्रान्झिस्टर ७ मेगाहर्ट्झबरोबर १४ आणि २१ वरही शक्ती टाकत असतो, आणि ती दुसऱ्यांच्या संभाषणात जाऊन पडते. शक्ती लहान असली तरी आकाशाचा नियम तोच, आणि वर पाहिलं तसं, लहान शक्ती फार लांब जाते.

सगळ्यात जास्त फरक अँटेनाने पडतो. ७.१ मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीचा द्विध्रुव साधारण २० मीटर लांबीचा होतो, दहा-दहा मीटरचे दोन हात. गच्चीवर मध्ये एक बांबू आणि दोन्ही टोकं उतरती बांधली तरी काम होतं. दिवसा ४० मीटरच्या, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या, बँडवर लहर वरच्या आयनमंडलातून परतून काही शे किलोमीटरच्या परिसरात उतरते. पुणे-नागपूर, मुंबई-हैदराबाद अशा गाठी त्यामुळे पडतात. संध्याकाळी खालचा, लहरी शोषणारा थर विरतो आणि तीच तार हजारो किलोमीटर पल्ला गाठते. मे महिन्यात वळवाच्या विजा या बँडवर कडकडतात, तेव्हा १४ मेगाहर्ट्झवर जावं. शहरात मात्र खरी अडचण आपल्याच घरात असते. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर ही सगळी शॉर्टवेव्हवर गुरगुरतात. घरातला मेन स्विच बंद करून, यूपीएसमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर रेडिओ लावून बघा. गोंगाट कुठून येतो ते लगेच कळतं.

प्रसारणाआधी परवाना हवाच. केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगकडून तो मिळतो, त्यासाठी परीक्षा असते आणि बारा वर्षांची मुलंही ती देऊ शकतात. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्सची परीक्षा नाही, तरी मोर्स शिकाच.

मग एखाद्या संध्याकाळी ७.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावा. कमी शक्तीचे लोक तिथे भेटतात. सुरुवातीला स्वतः हाका मारत बसू नका. जोरात येणारं स्टेशन निवडा, त्याचं चालू संभाषण संपू द्या, आणि ते थांबताच नेमक्या त्याच्या वारंवारितेवर आपली खूण दोनदा, सावकाश पाठवा. उत्तर आलं नाही तर बँडवर थोडं पुढे सरका आणि पुढचं ठळक स्टेशन शोधा.