प्रोटीनचं सॅम्पल पाठवताय? आधी बफर सांगा

"रिपोर्ट का अडकला?" हा फोन आमच्या प्रोटीन तपासणीच्या लॅबला सारखा येतो. बहुतेक वेळा एलसी-एमएस (रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं) मशीन ठीक असतं. अडचण ट्यूबमधल्या बफरची, म्हणजे प्रोटीन ज्या द्रावणात असतं त्यातल्या ट्रायटन किंवा ट्वीन या डिटर्जंटची असते.

पेशी फोडायला हे डिटर्जंट सोयीचे, हे मान्य. पण ते मशीनच्या सी-१८ कॉलमला (रेणू वेगळे करणाऱ्या नळीला) चिकटतात, अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक वाढवलं की सावकाश सुटत राहतात आणि पेप्टाइड्सपेक्षा (प्रोटीनच्या तुकड्यांपेक्षा) सहज आयन होतात. स्क्रीनवर ४४ डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) अंतराने पीकची रांगच लागते आणि तुमची पेप्टाइड्स तिच्याखाली दबतात. पुढच्या ग्राहकाचं सॅम्पल लावण्याआधी मग कॉलम धूत, ब्लँक (सॅम्पलशिवायचे) रन घेत बसावं लागतं. म्हणून बफरची माहिती नसलेली ट्यूब आम्ही मशीनला लावत नाही. काहींना हा अडेलपणा वाटतो. पण दुसऱ्याचा ट्रायटन तुमच्या रिपोर्टात येत नाही, तो याच नियमामुळे.

"पावडर करून पाठवलंय, आता काय राहिलं?" असंही विचारतात. फ्रीझ-ड्राय केल्याने पाणी जातं. डिटर्जंट आणि फॉस्फेट तिथेच राहतात. शक्यतो ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट वापरा, ते सुकवताना उडून जातं. एसडीएस हे डिटर्जंट वापरलंच असेल तर जेल चालवा (जेलमध्ये प्रोटीन वेगळी करा), कूमासीने रंगवा आणि बँड कापून पाठवा. जेलच्या तुकड्यातून एसडीएस धुऊन काढता येतं. कापताना ग्लोव्ह्ज हवेतच, नाहीतर सापडलेल्या प्रोटीनच्या यादीत सगळ्यात वर तुमच्याच त्वचेचं केराटिन येतं. युरिया असेल तर गरम करू नका, त्यातून तयार होणारं सायनेट प्रोटीनला चिकटून त्याचं वजन बदलतं.

लातूर-परभणीकडून सोयाबीनची सॅम्पल्स बरीच येतात, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनलाच (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमला) अडवणारं प्रोटीन असतं, कुनिट्झ इनहिबिटर. ते शाबूत राहिलं तर लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी काप नीट पडत नाहीत आणि पेप्टाइड्स लांबच लांब राहतात. आम्ही आधी डीटीटी (प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडणारं रसायन) घालून गरम करतो, मगच ट्रिप्सिन. त्यासाठी जादा वेळ धरा. पैसे जादा घेत नाही.

एप्रिल-मेमध्ये साध्या बर्फावर कुरिअर करू नका. नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला पोचेपर्यंत त्याचं पाणी होतं. ड्राय आइस मिळत नसेल तर सुकवून पाठवा.

बफर ठरवण्याआधीच फोन केलात तर उत्तम, सल्ला मोफत आहे. डिटर्जंट असलेलं सॅम्पलही आम्ही साफ करून देतो. त्याचे दिवस आणि दर काम सुरू करण्याआधी कळवतो.