खुबा मोडलाय, भूल कुठली द्यायची?

नौपाडा-पाचपाखाडीच्या जुन्या इमारतींत कुणा आजी-आजोबांचा पाय रात्री बाथरूममध्ये घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि पहाटे रुग्णालयाच्या बाकावर मुलगा-सून-जावयाची चर्चा रंगते. "पूर्ण भूल नको हं डॉक्टर, वय ब्याऐंशी आहे. कमरेखालचीच द्या." त्यावर एखादी मावशी ठासून सांगते, "पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची धरते." मावशींचं सोडून द्या, त्या सुईने कायमची कंबरदुखी लागते असा पुरावा नाही. पण मुलाच्या म्हणण्यात वरवर तरी तथ्य दिसतं.

कमरेतून भूल देताना मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, मणक्यांमधल्या फटीतून बारीक सुई आत जाते आणि दोन-तीन मिलिलिटर औषध मज्जातंतूंभोवतीच्या द्रवात सोडलं जातं. पाय बधिर होतात, माणूस जागा राहतो. पूर्ण भुलीत शुद्ध हरपते, श्वासासाठी नळी घालावी लागते. म्हाताऱ्या फुप्फुसांना आणि मेंदूला पहिला प्रकार सोसायला सोपा, असं भूलतज्ज्ञांनाही अनेक वर्षं वाटत होतं. जुन्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांचा कलही तिकडेच होता. मात्र अशा नोंदींत एक गोम असते: कुणाला कुठली भूल द्यायची हे डॉक्टर रुग्णाची तब्येत बघून ठरवतात. मग निकालातला फरक भुलीचा की मुळातल्या आजाराचा, हे कसं कळणार?

म्हणून अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांत पन्नाशीपुढच्या १,६०० रुग्णांची भूल चिठ्ठी टाकल्यासारखी ठरवली गेली. निकाल २०२१ मध्ये आला. साठ दिवसांत मृत्यू, किंवा काठी-वॉकर घेऊनही दहा फूट चालता न येणं, हे कमरेतून भूल दिलेल्या गटात १८.५ टक्के आणि पूर्ण भुलीच्या गटात १८ टक्के. ऑपरेशननंतरचा गोंधळ, म्हणजे आजी अचानक भलतंच बोलू लागणं, सुमारे २० टक्के, दोन्हीकडे जवळपास सारखाच. यावर हरकत आली की कमरेतून भूल दिलेल्यांनाही गुंगीचं औषध मिळतंच, मग फरक दिसेल कसा? पण चीनमधल्या ९५० रुग्णांच्या चाचणीत तसली गुंगी टाळली होती. गोंधळाचं प्रमाण तिथेही दोन्ही गटांत फारसं वेगळं निघालं नाही.

तेव्हा बाकावरच्या वादात वेळ जातो तो खरा महाग. रुग्ण क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, तर पाठीत सुई घालण्याआधी साधारण पाच-सात दिवस थांबावं लागतं, कारण मणक्यात रक्त साचायची भीती असते. मोडक्या खुब्याने तेवढे दिवस पडून राहिलं तर छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. अशा वेळी सरळ पूर्ण भूल देऊन ऑपरेशन उरकणं शहाणपणाचं. १७ देशांत २,९७० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत निदानानंतर साधारण सहा तासांत आणि चोवीस तासांत ऑपरेशन झालेल्यांची तुलना केली. मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. पण लवकर टेबलावर गेलेल्यांत गोंधळ कमी होता आणि ते लवकर उभे राहिले.

नातेवाइकांनी आग्रह धरायचाच असेल तर तो जांघेतल्या ब्लॉकसाठी धरावा, असं मला वाटतं. सोनोग्राफीत बघत बघत जांघेजवळ बधिर करणारं औषध सोडतात. दुखणं अर्ध्या तासातच उतरतं. कमरेतून भूल द्यायची झाली तरी आजींना कुशीवर वळवताना त्यांची किंकाळी निघत नाही. ब्लॉकमुळे गोंधळाचा धोकाही घटतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे.

आणि घरून निघताना गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. "ती छोटी गुलाबी गोळी" एवढ्या वर्णनावरून रक्त पातळ करणारं औषध ओळखणं भूलतज्ज्ञालाही जमत नाही. शेवटची गोळी कधी घेतली तेही विचारून ठेवा. चष्मा आणि कानाचं मशीनही सोबत असू द्या. वॉर्डात जागं झाल्यावर आजूबाजूचं नीट दिसलं-ऐकू आलं तर माणूस कमी बावचळतो.